कॅन आणि सेंडच्या मधली चिंचोळी जागा

प्रश्न विचारणारा मुलगा नागपुरात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे. संत्र्याचा माल बाहेर पाठवायचा आणि पार्टीला इंग्रजीत मेल टाकायचा, हे त्याचं काम. त्याच्या साहेबांनी एका मेलमधलं हे वाक्य लाल करून परत पाठवलं: “वी कॅन बाय फ्रायडे इव्हनिंग फ्रॉम नागपूर डेफिनेटली डिस्पॅच द गुड्स.” त्याचं म्हणणं असं, की कॅननंतर क्रियापदाचं पहिलं रूप लावलंय, स्पेलिंग बरोबर आहे, मग चुकलं काय? कॅन, शुड, मस्टच्या पुढे ॲडव्हर्ब कुठे बसवायचं आणि बाय, फ्रॉम, इनवाले तुकडे कुठे, हे एकदाचं कोणीतरी समजावून सांगा.

मी सव्वीस वर्षं नागपूरच्या धरमपेठेत मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. बँकेतले, दवाखान्यातले, मिहानला रात्रपाळी करणारे, दुकान सांभाळून येणारे, सगळे संध्याकाळी येतात. त्यांच्या वह्यांमध्ये हे वाक्य मी या ना त्या रूपात शेकडो वेळा पाहिलंय, त्यामुळे आधी एक सांगते. तुम्हाला कॅन, शुड, मस्टसारखी मोडल येतात, शब्दही येतात. अडतं ते बसण्याच्या जागेवर. शाळेत मोडल ऑक्झिलरी शिकवताना अर्थ शिकवतात: कॅन म्हणजे क्षमता, मे म्हणजे परवानगी, मस्ट म्हणजे सक्ती. पण मोडल आणि त्याचं क्रियापद यांच्या मधे जी फट असते, तिच्यात कोणाला बसू द्यायचं आणि कोणाला नाही, हे सहसा कोणी सांगत नाही.

आणि हेही कबूल करते, की सगळं एका नियमात बसत नाही. मेल लिहिताय की फोनवर बोलताय, कायद्याचा मसुदा आहे की दाराला लावायची पाटी, कोणत्या शब्दावर जोर द्यायचाय, यावर बरंच अवलंबून असतं. तरीही दहातल्या आठ वाक्यांना पुरेल असा एक धागा आहे, आणि तो तुमच्या मराठीतच आहे.

“पाठवू शकतो” हे घ्या. “आम्ही शुक्रवारी माल पाठवू शकतो.” आता “पाठवू” आणि “शकतो” यांच्या मधे “शुक्रवारी” घालून बघा. “आम्ही माल पाठवू शुक्रवारी शकतो.” लहान पोरगंसुद्धा हसेल. “नागपूरहून” घाला, तेच. पण “पाठवूही शकतो” चालतं. “पाठवू तरी शकतो” चालतं. “पाठवूच शकत नाही” तर आपण रोज म्हणतो. म्हणजे मराठीतही ही फट चिंचोळीच आहे. तिथे ही, च, तरी असली बारकी मंडळी मावतात, वार आणि गावं मावत नाहीत. हे तुम्हाला कोणी शिकवलं नाही, आईच्या मांडीवर आलं. इंग्रजीत फट तशीच आहे, फक्त डबे उलटे जोडलेत: आपल्याकडे क्रियापद आधी आणि शकतो नंतर, त्यांच्याकडे कॅन आधी आणि सेंड नंतर.

या फटीत इंग्रजी साधारणपणे एकाच शब्दाला बसू देते, आणि तोही बहुतेक वेळा मोडलच्या बाजूने बोलणारा: ऑल्सो, ऑल्वेज, प्रॉबेबली, डेफिनेटली, ईझिली, स्टिल, ओन्ली, नेव्हर, हार्डली. “वी कॅन ऑल्सो सेंड” म्हणजे पाठवूही शकतो. “यू शुड ऑल्वेज चेक” म्हणजे नेहमी तपासायला हवं. “आय कॅन हार्डली हिअर यू” म्हणजे मला जेमतेम ऐकू येतंय. हे शब्द शकण्याला, हवं असण्याला, शक्यतेला रंग देतात. किती खात्रीने, किती वेळा, कितपत.

बाय फ्रायडे, फ्रॉम नागपूर, इन ब्लॅक इंक, ॲट द काउंटर, विथ अ पास हे तुकडे मात्र कामाबद्दल बोलतात. पाठवणं कधी, कुठून, कशाने. त्यामुळे ते कामाच्या मागे, म्हणजे क्रियापद आणि त्याचं कर्म होऊन गेल्यावर येतात. वर्गात मी मुलांना एकच प्रश्न विचारायला लावते: हा तुकडा “शकतो”शी बोलतोय की “पाठवणे”शी? शकतोशी बोलत असेल आणि एकच शब्द असेल तर फटीत. पाठवण्याशी बोलत असेल तर मागे. तुमच्या वाक्यात डेफिनेटली शकतोशी बोलतोय, बाकीचे दोघे पाठवण्याशी. म्हणून: “वी कॅन डेफिनेटली डिस्पॅच द गुड्स फ्रॉम नागपूर बाय फ्रायडे इव्हनिंग.”

चूक का होते तेही कळलं पाहिजे, नाहीतर पुन्हा होईल. मराठीत क्रियापद शेवटी येतं. “आम्ही शुक्रवार संध्याकाळपर्यंत नागपूरहून माल नक्की पाठवू शकतो.” म्हणजे कधी, कुठून, काय, कसं हे सगळं सांगून झाल्यावर आपण क्रियापदाला येतो. हे वाक्य डोक्यात तयार असतं आणि आपण ते डावीकडून उजवीकडे एकेक शब्द बदलत जातो. कॅन तेवढं उचलून पुढे ठेवतो, कारण ते शाळेत पाठ झालंय, आणि बाकीची रांग तशीच मराठी राहते. साहेबांनी लाल केलं ते वाक्य इंग्रजी कपडे घातलेलं मराठीच आहे. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. विचार मराठीत सुरू होणार, तो कुठून सुरू व्हावा हे आपल्या हातात नसतं. लिहून झाल्यावर एकदा मागून पुढे वाचायची सवय मात्र लावून घ्या.

क्रियापद आणि कर्म यांच्या मधेही काही घुसवू नका. “यू मस्ट सबमिट बाय फ्रायडे द फॉर्म” असं बऱ्याच वह्यांमध्ये असतं. सबमिट आणि द फॉर्म हे सख्खे शेजारी, त्यांच्यात भिंत घालायची नाही. कर्म फारच लांबलचक असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा मोठे लेखकही वेळेचा तुकडा आधी घेतात. पण ऑफिसच्या मेलमध्ये तेवढं लांब कर्म आलं, तर आधी कर्मच छाटायला हवं.

मागे दोन-तीन तुकडे आले की त्यांच्यात कोण आधी? साधारण कसं, कुठे, कधी, या क्रमाने. “यू शुड साइन द फॉर्म इन ब्लॅक इंक ॲट द काउंटर ऑन मंडे.” हा क्रम शिलालेख नाही. ज्यावर भर द्यायचा तो तुकडा शेवटी जातो किंवा एकदम वाक्याच्या सुरुवातीला. “बाय फ्रायडे इव्हनिंग, वी कॅन डिस्पॅच द गुड्स फ्रॉम नागपूर” हेही सुरेख वाक्य आहे, पार्टीने “कधी?” असंच विचारलं असेल तर अधिकच. मात्र सुरुवातीला एकच तुकडा ठेवा. तीन तुकडे पुढे लावले की वाक्य बर्डीच्या बाजारातल्या दिवाळीच्या गर्दीसारखं होतं, कर्ता कुठे उभा आहे तेच दिसत नाही.

आता एक अपवाद, आणि तो नागपुरात बसून सांगायला मजा येते. इथल्या हायकोर्टाच्या खंडपीठात वकिली करणारे एक गृहस्थ काही महिने माझ्याकडे यायचे. मी फटीचा नियम सांगितला तसे ते म्हणाले, “मॅडम, मग संविधान चुकलं म्हणायचं का?” आणि त्यांनी अनुच्छेद 41 म्हणून दाखवला: “द स्टेट शॅल, विदिन द लिमिट्स ऑफ इट्स इकॉनॉमिक कपॅसिटी अँड डेव्हलपमेंट, मेक इफेक्टिव्ह प्रोव्हिजन...” शॅल इथे आणि मेक तिथे, मधे नऊ शब्द. अनुच्छेद 39 पण तसाच: “द स्टेट शॅल, इन पर्टिक्युलर, डायरेक्ट इट्स पॉलिसी...” बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष होते आणि त्यांची दीक्षाभूमी माझ्या घरापासून फार लांब नाही, तेव्हा मी काही त्यांच्या इंग्रजीला लाल पेन लावणार नव्हते.

पण दोन गोष्टी बघा. एक, दोन्हीकडे स्वल्पविराम आहेत. तो तुकडा फटीत बसलेला नाही, कंसातल्या मजकुरासारखा वरून ठेवलाय आणि दोन्ही बाजूंनी कुंपण घातलंय. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: “आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत” हा तुकडा तरतूद कशी करायची ते सांगत नाही, राज्यावरचं बंधन कुठपर्यंत आहे ते सांगतो. म्हणजे तो शॅलशीच बोलतोय! तो वाक्याच्या शेवटी गेला असता तर रोजगार, शिक्षण, म्हातारपण, आजारपण या सगळ्या यादीच्या मागे लोंबकळला असता आणि कशाला लागू आहे यावरून वाद झाले असते. कायद्याच्या मसुद्यात तो वाद टाळण्यासाठीच ही मांडणी करतात. तुमच्या मेलमध्ये “फ्रॉम नागपूर”ला त्या मानाची गरज नाही.

इथपर्यंत जागेचा सोपा भाग झाला. खरी गंमत नकारात आहे, कारण तिथे जागा बदलली की अर्थच बदलतो.

“आय रिअली कान्ट से” आणि “आय कान्ट रिअली से.” पहिल्यात रिअली नकाराच्या आधी आहे: खरंच सांगता येत नाही हो, काय करू. दुसऱ्यात नकार रिअलीच्या आधी आहे, म्हणजे नकाराने रिअलीलाच धरलंय: तसं नक्की सांगता येत नाही. पहिलं हात जोडून म्हणतात, दुसरं खांदे उडवून. तसंच “आय जस्ट कान्ट लीव्ह” म्हणजे मी जाऊच शकत नाही, आणि “आय कान्ट जस्ट लीव्ह” म्हणजे मला असं सरळ उठून जाता येणार नाही, काहीतरी सांगून, व्यवस्था करून जावं लागेल. नोकरी सोडायच्या गोष्टी करताना हा फरक फार कामाचा आहे.

यातून निघणारं तत्त्व साधं आहे: नकार त्याच्या उजवीकडे जे येतं त्याला खातो, डावीकडचं वाचतं. म्हणून प्रॉबेबली, सर्टनली, डेफिनेटली हे नकाराच्या डावीकडे ठेवा. “ही प्रॉबेबली वोन्ट कम” बरोबर, “ही वोन्ट प्रॉबेबली कम” कानाला खटकतं. कारण “बहुतेक” हे आपलं मत आहे, ते नाकारायचं नसतं. स्टिलचंही तसंच: होकारात फटीत, “यू कॅन स्टिल अप्लाय”, आणि नकारात आधी, “आय स्टिल कान्ट फाइंड इट.” ऑल्वेज मात्र नकाराच्या उजवीकडेच जातो, कारण तिथे आपल्याला नेहमीपणाच नाकारायचा असतो. “आय कान्ट ऑल्वेज कम ऑन टाइम” म्हणजे दर वेळी जमेलच असं नाही. आपल्याकडची मुलं “आय ऑल्वेज कान्ट कम” लिहितात. त्याचा अर्थ होतो, मी कधीच येऊ शकत नाही आणि हे असं नेहमीचं आहे. मराठीत “मला नेहमी येता येत नाही” हे एकच वाक्य दोन्ही अर्थांनी चालतं, आवाजावरून कळतं. इंग्रजी तो निवाडा जागेवर सोपवते.

ओन्लीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण ऑफिसात पैशाचे घोटाळे यावरून होतात. मराठीत च आहे, आणि च सारखी सोय जगात नाही. “रोखच”, “या काउंटरवरच”, “सोमवारीच”, जिथे पाहिजे तिथे चिकटवा. इंग्रजीत असा चिकटणारा शब्द नाही. म्हणून आपण ओन्लीला च समजून शब्दाच्या मागे लावतो: “यू कॅन कम ऑन मंडे ओन्ली.” इथल्या ऑफिसांत ते सर्रास चालतं, कळतंही, आणि त्यावरून कोणाला टोकणं मला तरी आवडत नाही. पण लिखित सूचनेत जपा. “यू कॅन पे इन कॅश ओन्ली ॲट धिस काउंटर.” यात काय म्हणायचंय? या काउंटरवर रोखच चालते, की रोख फक्त याच काउंटरवर चालते? ओन्ली दोघांच्या मधे उभा आहे आणि दोघेही त्याला आपल्याकडे ओढतायत. पहिला अर्थ हवा असेल तर “ॲट धिस काउंटर, यू कॅन पे ओन्ली इन कॅश.” दुसरा हवा असेल तर “यू कॅन पे इन कॅश, बट ओन्ली ॲट धिस काउंटर.” ज्या तुकड्याला च लावायचा, त्याच्या लगेच आधी ओन्ली. बोलताना लोक ओन्लीला फटीतच ठेवतात, “यू कॅन ओन्ली पे इन कॅश”, आणि जोर कॅशवर देतात. बोलण्यात ते बरोबरच आहे. पण कागदाला आवाज नसतो.

आता तुमच्या वाक्यातला दुसरा खड्डा, जो तुम्ही योगायोगाने चुकवलात: बाय. मराठीत “पर्यंत” एकच, इंग्रजीत बाय आणि टिल असे दोन. “शुक्रवारपर्यंत फॉर्म द्यायला हवा” आणि “शुक्रवारपर्यंत फॉर्म देता येतील.” मराठी पर्यंत दोन्हीकडे तोच. इंग्रजीत पहिलं “यू मस्ट सबमिट द फॉर्म बाय फ्रायडे”, कारण ते एकदाच करून मोकळं व्हायचं काम आहे आणि शुक्रवार ही शेवटची रेघ. दुसरं “यू कॅन सबमिट फॉर्म्स टिल फ्रायडे”, कारण खिडकी शुक्रवारपर्यंत सतत उघडी आहे. इथे मोडल आणि प्रिपोझिशन एकमेकांकडे बघून ठरतात. सक्ती असली की बहुतेक बाय येतो, मुभा असली की बहुतेक टिल. बहुतेकच म्हणते हं. “यू मस्ट वेट टिल फ्रायडे” मध्ये सक्ती असूनही टिल आहे, कारण थांबणं हे सतत चालणारं काम. आणि “वी कॅन डिस्पॅच बाय फ्रायडे” मध्ये कॅन असूनही बाय, कारण माल एकदाच निघतो. म्हणून शेवटचा निकाल क्रियापदाकडे: काम एका ठोक्यात होतं की चालू राहतं? तुमच्या ऑफिसात दोन्ही लागतील. “वी कॅन टेक ऑर्डर्स टिल वेन्सडे” आणि “वी मस्ट लोड द ट्रक बाय थर्सडे नाइट.” या दोन ओळी भिंतीवर चिकटवून ठेवा.

वेळेचा तुकडा मोडलचा अर्थसुद्धा फिरवतो, हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. “ही मस्ट बी ॲट द स्टेशन ॲट सिक्स” म्हणजे त्याला सहाला स्टेशनवर असावंच लागेल. “ही मस्ट बी ॲट द स्टेशन बाय नाऊ” म्हणजे एव्हाना तो स्टेशनवर पोचला असणार. मस्ट तोच, बी तोच, स्टेशन तेच. ॲट सिक्सने सक्ती केली, बाय नाऊने अंदाज. शुडचंही असंच: “द ट्रक शुड बी इन वर्धा बाय नाऊ” हे ड्रायव्हरला दिलेलं फर्मान नाही, आपला हिशोब आहे. आणि मागच्या वेळेचा तुकडा आला की शुडच्या पुढे हॅव लागणारच. “यू शुड कॉल मी येस्टरडे” होत नाही, “यू शुड हॅव कॉल्ड मी येस्टरडे.” शुडबरोबर काल हा शब्द लिहिला रे लिहिला की मागे वळून हॅव आहे का बघायचं.

माझी स्वतःची एक फजिती सांगते, म्हणजे तुम्हाला एकटं वाटणार नाही. शिकवायला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. शनिवारी फक्त उजळणी होती, ज्यांना जमेल त्यांनी यावं, नाही आलात तरी चालेल, असं मला सांगायचं होतं. वर्गाच्या दाराला मी ऐटीत इंग्रजीत कागद लावला: “यू मे नॉट कम ऑन सॅटर्डे.” शनिवारी मी फळा पुसून, खडू मांडून बसले. एकच मुलगा आला, तोही छत्री विसरला होता म्हणून. सोमवारी कामठीहून येणारी एक मुलगी दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, आमाले काहून नाही म्हनलं? बाकीच्यायले बोलावलं असन.” मला आधी कळेचना. मग कागद वाचला आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी “नाही आलात तरी चालेल” लिहायला गेले आणि “यायचं नाही” लिहून बसले होते. परवानगीचा मे आणि नॉट जवळ आले की बंदी होते. “यू नीडन्ट कम ऑन सॅटर्डे” किंवा “यू डोन्ट हॅव टू कम” लिहायला हवं होतं. तरी “ही मे नॉट कम ऑन सॅटर्डे” म्हटलं की पुन्हा “तो कदाचित येणार नाही” असा शक्यतेचा अर्थ निघतो, कारण तिसऱ्याला आपण बंदी सहसा करत नाही. संदर्भ बदलला की मे नॉटचा रंग बदलतो. म्हणून सूचनांमध्ये मी तो वापरणंच सोडलं. बंदी असेल तर मस्ट नॉट, मुभा असेल तर नीड नॉट.

नकाराचा तुकडा वाक्याच्या सुरुवातीला गेला तर आणखी एक उलटापालट होते. “अंडर नो सर्कमस्टन्सेस शुड धिस डोअर बी ओपन्ड.” मोडल उडी मारून कर्त्याच्या पुढे गेलं, जणू प्रश्नच विचारतोय. “ऑन नो अकाउंट मस्ट यू साइन”, “ॲट नो पॉइंट कुड वी सी द रोड”, सगळीकडे तेच. “ओन्ली ऑन मंडे कॅन यू मीट हिम” मध्ये ओन्लीही तीच करामत करतो. पण “इन नो टाइम” मध्ये नो असून उडी नाही: “इन नो टाइम वी कुड सी द लेक.” कारण इन नो टाइम म्हणजे काही वेळ नव्हता असं नाही, चुटकीसरशी. अर्थात नकारच नाही, मग मोडल कशाला हलेल? मुलं यावर चिडतात. मला मात्र हा इंग्रजीतला सगळ्यात प्रामाणिक कोपरा वाटतो: नो हे अक्षर बघून ती फसत नाही, खरोखर नकार आहे का ते तपासते. रोजच्या मेलमध्ये ही रचना वापरू नका, धमकीसारखी वाटते. ओळखता आली पाहिजे, एवढंच.

बाकीच्या गोष्टी भराभर. मोडलनंतर हॅव, बी असे आणखी डबे जोडले असतील तर खात्री-शक्यतेचा शब्द पहिल्या डब्यानंतर आणि कामाचा दर्जा सांगणारा शब्द मुख्य क्रियापदाला खेटून: “ही कुड प्रॉबेबली हॅव बीन बॅडली हर्ट.” केअरफुली, नीटली, स्लोली हे कर्म झाल्यावर शेवटी बरे: “यू मस्ट रीड द फॉर्म केअरफुली.” पॅसिव्हमध्ये ते आत येतात: “द बॉक्सेस मस्ट बी प्रॉपर्ली सील्ड.” प्रश्नात फट सरकते आणि शब्द कर्त्यानंतर बसतो: “कॅन यू ऑल्सो सेंड द बिल?” आणि कोणी विचारलं “विल यू कम?”, तर उत्तर “आय सर्टनली विल”, “आय विल सर्टनली” नव्हे. क्रियापद गाळलं की फटीला दुसरी भिंतच उरत नाही, मग तो शब्द बाहेर येऊन मोडलच्या आधी उभा राहतो.

मोडलशी कोणता शब्द जोडावा यालाही चव लागते. “मस्ट शुअरली”, “मे वेल”, “कुड पर्हॅप्स” या जोड्या जमतात, कारण दोघांचा वजनगट एक. “मे डेफिनेटली” किंवा “मस्ट पर्हॅप्स” म्हणजे झणझणीत सावजी रश्श्यात साखर. कदाचित नक्की येईन, असं आपणही म्हणत नाही. शक्यता ठेवायची तर पूर्ण ठेवा.

आता परत तुमच्या मेलकडे. जागा दुरुस्त झाली, पण पार्टीच्या खुर्चीत बसून वाचा: “वी कॅन डेफिनेटली डिस्पॅच...” कॅन म्हणजे आमची ताकद आहे. डेफिनेटली म्हणजे ताकद नक्की आहे. माल निघणार का, ते कुठेच नाही! पार्टीला तुमच्या ताकदीशी देणंघेणं नसतं, तिला शुक्रवार हवा असतो. मला वाटतं साहेबांनी लाल केलं त्यात हेही असावं. गाडी ठरली असेल, कळमन्याच्या बाजारातून माल उचलायची व्यवस्था झाली असेल, तर सरळ विल लिहा आणि डेफिनेटली काढून टाका, विलला त्या कुबडीची गरज नाही. गाडी ठरली नसेल तर शुड लिहा. शुडमध्ये “आमच्या हिशोबाने निघायला हवा” एवढंच वचन असतं, उद्या ट्रक पंक्चर झाला तर ते तुमच्या गळ्याशी येत नाही. दोन्ही ओळी लिहून देते, गाडीवाल्याशी बोलून एक निवडा:

“वी विल डिस्पॅच द गुड्स फ्रॉम नागपूर बाय फ्रायडे इव्हनिंग.”

“वी शुड बी एबल टू डिस्पॅच द गुड्स फ्रॉम नागपूर बाय फ्रायडे इव्हनिंग.”

दुसऱ्या ओळीत शुडनंतर कॅन येणार नाही हे लक्षात ठेवा. दोन मोडल एका फटीत कधीच बसत नाहीत, म्हणून तिथे बी एबल टू आलंय. आणि मेल पाठवण्याआधी तीच गोष्ट मराठीत मोठ्याने म्हणून बघा. “पाठवू” आणि “शकतो” यांच्या मधे जे तोंडाला येणार नाही, ते कॅन आणि सेंडच्या मधेही ठेवू नका.